आईचा पिस्ता रंग



दादरची जागा विकून आई यंदा एडिसनला आमच्याकडे कायमची राहायला आली. तिची खोली उत्तरेकडची. तिला भिंती हव्या होत्या पिस्ता रंगाच्या, दादरसारख्या. सौ.चं मत, घरभर आहे तोच पांढरा असू दे. दोघींच्या मध्ये मी!

रंगचक्राचं गणित तसं सोपं आहे. लाल, नारिंगी, पिवळा हे उबदार, निळा थंड, हिरवा सीमेवरचा, ज्याच्याकडे झुकेल त्याचा. आता उजेड बघा. इथे ४० अंश अक्षांशावर हिवाळाभर उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही. येतो तो आभाळाचा निळसर उजेड, आणि त्यात पांढरी भिंतसुद्धा करडी दिसते. म्हणून पिस्ताच घेतला, पण पिवळ्याकडे झुकणारा.

बाकी ६०-३०-१० चा ठोकताळा: ६० टक्के भिंती, ३० टक्के सायीच्या रंगाचे पडदे-चादरी, आणि १० टक्के चक्रात हिरव्याच्या समोर बसणारा लाल, म्हणजे उशांचे विटकरी अभ्रे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळ्या-हिरव्यातला फरक पुसट होतो. म्हणून दाराची चौकट आणि दिव्याचं बटण मुद्दाम गडद ठेवलं.

डबा घेण्याआधी मोठ्या पुठ्ठ्यावर रंग लावून सकाळी, संध्याकाळी आणि दिव्याखाली बघा. आणि ज्याची खोली, त्याला आधी विचारा. सत्तरीत घर सोडून आलेल्या माणसाला चार भिंती तरी आपल्या वाटायला हव्यात. आमच्याकडे त्या खोलीला आता कोणी 'गेस्ट रूम' म्हणत नाही.