शेफील्डच्या मैदानावरील इंग्रजी

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. त्यापुढें जें कांहीं मिळविलें तें संस्कृत पाठशाळेच्या ओसरीवर. तरी दैवयोगानें आम्हांस छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृताबरोबर इंग्रजीही शिकवावें लागलें, आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या आधारें तें आम्हीं बऱ्यापैकीं शिकविलें, असा आमचा समज होता. गेल्या वर्षीं कन्येच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब इंग्लंडांत शेफील्ड येथें दोन महिने राहून आलों. तेथें या समजाचें काय झालें, तें वाचकांस सांगावें म्हणून हा लेखनप्रपंच.

पोहोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं न्याहारीच्या वेळीं आमचा दहा वर्षांचा नातू आपल्या वडिलांस सांगत होता, “दे पार्क्ड द बस, बट देअर कीपर हॅड अ हाउलर.” शब्द बहुतेक ओळखीचे. त्यांनीं बस उभी केली, परंतु त्यांच्या राखणदाराजवळ कोणी ओरडणारा होता! आम्हीं प्रेमानें विचारलें, “बाळ, बस कोठें उभी केली?” पोर हांसतां हांसतां खुर्चीवरून पडायचें तेवढें राहिलें. “आजोबा, तुमचं इंग्लिश पुस्तकातलं आहे,” असें म्हणून तें शाळेस निघून गेलें. बोल खरा होता, म्हणूनच लागला.

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकांतून निघालेली आगगाडी सुमारें दोन तासांत शेफील्डास पोहोंचते. गांव टेकड्यांवर वसलेलें. रस्ता एक तर चढता, नाहीं तर उतरता. शीफ नदीवरून गांवास हें नांव पडलें, आणि चाकूसुऱ्यांनीं व पोलादानें तें जगभर नेलें. परंतु फूटबॉलच्या भक्तांस हें गांव एखाद्या क्षेत्रासारखें आहे. २४ ऑक्टोबर १८५७ रोजीं नॅथॅनिएल क्रेसविक व विल्यम प्रेस्ट या दोघां गृहस्थांनीं येथें ‘शेफील्ड फूटबॉल क्लब’ स्थापिला. तो आज जगांतील सर्वांत जुना फूटबॉल क्लब मानला जातो. पुढील वर्षीं त्या मंडळींनीं आपले नियमही ठरविले. लंडनची ‘फूटबॉल असोसिएशन’ निघाली ती त्यानंतर, १८६३ सालीं. या ‘असोसिएशन’ शब्दाचा मधला तुकडा तोडून विद्यार्थ्यांनीं ‘सॉकर’ हा शब्द घडविला. ज्या शब्दास आज कित्येक इंग्रज अमेरिकन म्हणून नाकें मुरडतात, तो मूळचा त्यांच्याच ऑक्सफर्डचा!

क्षेत्रास जाऊन देवळाबाहेर राहणें बरें नव्हे, म्हणून एका शनिवारीं जावई व नातू यांच्याबरोबर आम्ही सँडीगेट येथें गेलों. गांवाच्या पश्चिमेस क्रॉसपूल भागांत हें लहानसें मैदान आहे. हॅलम क्लब १८६० मध्यें निघाला तो येथेंच, आणि जगांतील सर्वांत जुनें फूटबॉल मैदान म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथांत याची नोंद आहे. त्याच वर्षीं २६ डिसेंबर रोजीं शेफील्ड व हॅलम यांचा सामना झाला. दोन निरनिराळ्या क्लबांमधील तो पहिला सामना समजतात. आम्हांस वाटलें होतें, प्रचंड प्रेक्षागार असेल. पाहतों तों हिरवें, उतरतें मैदान, भोंवतीं कठडा, आणि कठड्यास टेकून उभे असलेले शेजारीपाजारी! खेळाडूंचा श्वासोच्छ्वासही ऐकूं यावा इतकें सारें जवळ. भाषा शिकणाराला याहून उत्तम वर्ग कोणता?

आमच्या शेजारीं थर्मासांतील चहा घेत एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांनीं आम्हांस ‘लव्ह’ असें संबोधून चहा देऊं केला. आम्ही क्षणभर संकोचलों. पण या गांवांत पुरुषही परक्या पुरुषास सहज असें म्हणतो, हें जावयांनीं कानांत सांगितलें.

इतक्यांत चोहोंकडून आरोळी उठली, “मॅन ऑन!” आमच्यांतील मास्तर जागा झाला. वाक्यांत क्रियापद कोठें आहे? गृहस्थ म्हणाले, चेंडू घेतलेल्या गड्याच्या पाठीशीं प्रतिपक्षाचा गडी आला, कीं त्यास सावध करण्यासाठीं असें ओरडतात. आम्ही मनांत शरमलों. वाटेंत साप दिसला म्हणजे आपण तरी कोठें कर्ता, कर्म, क्रियापद जुळवीत बसतों? “साप!” एवढेंच ओरडतों.

मग आम्हीं खिशांतील वही काढली. मम्मटाच्या काव्यप्रकाशांत अभिधा, लक्षणा व व्यंजना अशा शब्दाच्या तीन शक्ति सांगितल्या आहेत. ‘कुशल’ म्हणजे मूळचा दर्भ तोडून आणणारा; आज दर्भ कोणाच्या मनांतही येत नाहीं. ही रूढ लक्षणा. कठड्यापाशीं तिचीं उदाहरणें पावसासारखीं पडत होतीं. चेंडू गोलाच्या खांबास लागला कीं म्हणावयाचें, तो ‘वुडवर्क’ला लागला, खांब धातूचे झाले तरी शब्द लांकडाचाच. एकही गोल होऊं दिला नाहीं तर संघानें ‘क्लीन शीट’ राखली, म्हणजे कागद कोरा ठेवला. प्रतिपक्ष्याच्या दोन्ही पायांमधून चेंडू काढला तर त्याचें ‘नटमेग’ झालें. जायफळाचा येथें काय संबंध, हें विचारूं नये. अगदीं सोपी संधि ती ‘सिटर’, आणि ढोबळ, लाजिरवाणी चूक तो ‘हाउलर’. पंचानें एखाद्यास मैदानाबाहेर घालविलें, तर तो ‘अर्ली बाथ’ घ्यावयास गेला. आपल्याकडे गेलेल्या वस्तूच्या नांवानें आपण आंघोळ करतों. तेथें गेलेला मनुष्य स्वतःच करतो, एवढाच भेद!

बसचें कोडेंही सुटलें. सगळे गडी गोलापुढें उभे करून नुसता बचाव करीत राहणें, म्हणजे दारांत बस आडवी लावणें. २००४ सालीं चेल्सी संघाचे पोर्तुगीज शिक्षक मोरिन्यो यांनीं टॉटनम संघाच्या खेळावर हा शेरा मारला, तेव्हांपासून तो इंग्लंडांत सर्वतोमुखीं झाला. ही प्रयोजनवती लक्षणा. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटल्यानें जसा त्या वाड्याचा गारवा सुचतो, तसा ‘बस’ म्हटल्यानें त्या बचावाचा अवजडपणा आणि कंटाळा सुचतो.

‘हॅट-ट्रिक’ शब्दाची जन्मकथाही याच गांवची, आणि ती क्रिकेटची. १८५८ सालीं शेफील्डच्या हाइड पार्क मैदानावर स्टीफन्सन नांवाच्या गोलंदाजानें लागोपाठ तीन चेंडूंत तीन गडी बाद केले. लोकांनीं वर्गणी करून त्यास टोपी घेऊन दिली, असें सांगतात. आज तीन गोल करणाऱ्यास टोपी कोणी देत नाहीं. दर्भ गेला, कुशल राहिला. टोपी गेली, शब्द राहिला.

वही भरली, आणि आम्हांस पुन्हां थोडासा गर्व झाला. तो दुसऱ्याच दिवशीं उतरला.

रविवारीं नातवाच्या संघाचा सामना होता. मैदान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चांगलेंच उतरतें. पूर्वार्धांत आमच्या मुलांस चढाकडे खेळावें लागलें व दोन गोल अंगावर आले. उत्तरार्धांत उतार मिळतांच त्यांनीं एक गोल फेडला. ‘अ गेम ऑफ टू हाव्ह्ज’ असें सारे म्हणूं लागले. सामना संपावयास मिनिटभर उरलें असतां चेंडू नेमका नातवाच्या पायाशीं आला. पुढें राखणदार नाहीं, कोणी नाहीं, शुद्ध ‘सिटर’! त्यानें लाथ मारली आणि चेंडू खांबाबाहेरून गेला. आमच्या तोंडून जोरानें निघून गेलें, “अरे करंट्या!”

त्याच क्षणीं कठड्यावरून दुसरा घोष उठला, “अनलकी, लॅड! अनलकी!” आम्हांस तें अत्यंत अनुचित वाटलें. आम्ही आजोबा म्हणून बोललों. पण परक्यांनीं चारचौघांत लेंकरास अभागी म्हणावें? जावई हलकेंच म्हणाले, “नाही, अण्णा. ते त्याला धीर देताहेत. प्रयत्न चांगला होता, नशिबानं साथ दिली नाही, एवढाच अर्थ.” पाहतों तों प्रतिपक्षाच्या मुलांचे आईबापही तेंच म्हणत होते. मुलें ज्यास ‘गॅफर’ म्हणतात, त्या त्यांच्या शिक्षकानेंही टाळी वाजवून तोच शब्द उच्चारला. नातवानें डोळे पुसले, मान वर केली आणि तो पुन्हां धांवूं लागला. सामना मात्र हरले.

रात्रीं तो आमच्या अंथरुणाशीं येऊन बसला. त्याचें मराठी घरापुरतेंच. त्यानें विचारलें, “आजोबा, करंटा म्हणजे काय?”

छत्तीस वर्षें आम्हीं शब्दांचे अर्थ सांगितले, पण इतका वेळ कधीं घेतला नसेल. शेवटीं म्हणालों, “करंटा म्हणजे अनलकी.”

कोशाप्रमाणें तें बरोबरच होतें. मुलाचें तोंड उजळलें. “थँक्स, आजोबा,” असें म्हणून तो झोंपावयास गेला.

आम्हांस मात्र झोंप आली नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं इंग्रजींत चार गुणांनीं राहिलेल्या एका विद्यार्थ्याच्या हातीं उत्तरपत्रिका देतांना आम्हीं साऱ्या वर्गासमोर हाच शब्द उच्चारला होता. मुलगा मेहनती होता. त्यानंतर तो शाळेंत आला नाहीं, आणि आम्हीं चौकशी केली नाहीं. त्याचें मराठी चांगलें होतें. शब्दाचा अर्थ त्यास कोणास विचारावा लागला नाहीं.

सकाळीं उठून आम्हीं वहींत शेवटची नोंद केली, ‘अनलकी’. पुढें अर्थाची जागा आहे. ती अद्याप भरलेली नाहीं. मात्र पुढच्या रविवारीं कठड्यापाशीं उभे राहून आम्हींही तो शब्द मोठ्यानें उच्चारला. ज्याचा नेम चुकला तो मुलगा प्रतिपक्षाचा होता.