आईचा डावा हात

आईच्या डाव्या हातातली बांगडी निघेना, तेव्हा आम्ही साबण लावून पाहिला. "वजन वाढलंय," ती म्हणाली. मीही मान डोलावून लॅपटॉपकडे वळलो. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं होतं. बांगडी शेवटी सोनाराकडून कापून घेतली.

काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या की हातातल्या द्रवाचा निचरा अडू शकतो, हे फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं. लिम्फेडिमा. सहसा पूर्ण जात नाही, आटोक्यात ठेवता येतो.

मसाज म्हणजे रगडणं, असं मला वाटायचं. ताईंनी माझ्याकडून करून घेतलं : कातडी जेमतेम सरकेल इतकाच दाब, आधी मान आणि छाती, मग हात. नंतर बोटांपासून वर पट्ट्या. खाली घट्ट, वर सैल. पट्ट्या बांधूनच व्यायाम.

दर 4 सेंटिमीटरवर हाताचा घेर मोजून मी शीटमध्ये भरायचो. आलेख महिनाभर उतरला, मग अडकला. मी चिडलो.

"आज चार पोळ्या लाटल्या मी," आई म्हणाली, "ते कुठे लिहिलंस?"

शीटमध्ये तसा रकानाच नव्हता. त्या रात्री केला.