हरिपाठ आणि थर्मामीटर

गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. माझ्याकडे येणाऱ्या येथील एका आजींच्या घरी वारीची जुनी परंपरा. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांची केमोथेरपी सुरू होती, तरी त्यांनी एकादशीचा कडक उपवास सोडला नाही. मी रागावलो. पुढच्या एकादशीला ताप आला, तेव्हा ‘डॉक्टर पुन्हा बोलतील’ या धास्तीने त्यांनी तो दिवसभर लपवला. रात्री सुनेच्या लक्षात आले, म्हणून रुग्णालय वेळेवर गाठता आले. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा वेळी १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आल्यास सकाळची वाट पाहू नये.

आजी घरी परतल्यावर मी उपदेश केला नाही. त्यांचा दिनक्रम विचारला. सायंकाळचा हरिपाठ कधीच चुकत नव्हता. मग पथ्य त्यालाच जोडले. हरिपाठापूर्वी थर्मामीटर, त्यानंतर गोळ्या. सकाळी तुळशीला प्रदक्षिणा घालताना झेपेल तेवढे चालणे. वरणभाताचा ताजा नैवेद्य, आणि तोच प्रसाद म्हणून पोटात. एकादशीला अन्नाऐवजी त्यांनी चहा सोडला. ही तोड त्यांचीच!

श्रद्धेने कर्करोगाची गाठ विरघळत नाही. त्यासाठी उपचारच हवेत. मात्र उपचारांचे लांबलेले दिवस निभावण्याचे बळ श्रद्धा देते. आपण घरच्यांनी आणि डॉक्टरांनी एवढे जपावे, की रुग्णाला आपल्यापासून काही लपवावेसे वाटू नये.