स्नानाचें ऊन पाणी

आमचा तांब्याचा बंब गळूं लागला, तेव्हां नारपोलीच्या या घरीं नव्या साधनाचा विचार करणें प्राप्त झालें. बिनटाकीचा गॅसचा गीझर तत्काळ ऊन पाणी देतो, वीज गेली तरी अडत नाहीं. आमचें मन तिकडेच वळलें होतें. परंतु आमची न्हाणी कोंदट, आणि मातोश्री दार लावून सावकाश स्नान करणाऱ्या. कोंडलेल्या जागीं गॅस जळतांना कार्बन मोनॉक्साइड सांचूं शकतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राणघातक आहे. अखेरीस आम्हीं १५ लिटर टाकीचा, २ किलोवॅटचा विजेचा गीझर घेतला. पाणी ३० अंशांनीं तापावयास त्यास सुमारें १६ मिनिटें लागतात. पूर्वीं बंब तापेपर्यंत मातोश्री स्तोत्रें म्हणत. आतां गीझर तापेपर्यंत म्हणतात. घाई आमचीच होती, त्यांची नव्हे.