आय्तु

बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला ‘आय्तु’ हा कानडी शब्द शिकवावा लागत नाही. कचेरीत आपला अर्ज मराठीत, कारकुनाचे टिपण कानडीत, आणि मध्ये कोणीतरी दुभाषी उभा. तो ‘आय्तु’ म्हणाला की आपण छत्री उचलून बाहेर पडतो. पण ‘आय्तु’ म्हणजे काम झाले, की नुसते ‘बरं, ऐकलं’? अर्थ दोन्ही होतात. हा फरक मला कचेरीने नव्हे, संगणकाने शिकवला.

१९९४ साली मी निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीसाठी सी भाषेत हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिला. शेतकऱ्यांना दिलेली उचल, आलेला माल, परतफेड. रोज संध्याकाळी हे सगळे फ्लॉपीवर उतरवायचे होते. डॉसमध्ये ‘कॉपी’ हा हुकूम तयार असताना तो खटाटोप मी कशाला करू? सी भाषेत ‘सिस्टिम’ नावाचे फंक्शन आहे. त्याला हुकमाचे शब्द दिले की ते ‘कमांड डॉट कॉम’ या डॉसच्या दुभाष्याची नवी प्रत उभी करते, हुकूम त्याच्या हाती देते, आणि तो परतेपर्यंत आपला प्रोग्रॅम दारात थांबून राहतो. उत्तरादाखल एक आकडा मिळतो. शून्य आला की मी पडद्यावर ‘बॅकअप कम्प्लीट’ छापत असे. मोठी हुशारी वाटली होती तेव्हा!

१९९५च्या पावसाळ्यात हार्ड डिस्क बसली. फ्लॉपी घातली, तर तिच्यावर हिशेब मागच्या दिवाळीपर्यंतचाच. दिवाणजींनी लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर फ्लॉपीचीही पूजा केली होती आणि कडेला ‘श्री’ची चिठ्ठी डकवली होती. नेमकी त्या खाचेवर, जी झाकली की फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही.

“रोज काहीतरी इंग्रजीत विचारायचं की हो,” दिवाणजी म्हणाले. “मी ए दाबायचो. ए ड्राइव्हच ना तो? मग खाली कम्प्लीट यायचं.”

तो ए ‘अबॉर्ट’चा होता.

त्या रात्री टर्बो सीचे पुस्तक पुन्हा उघडले. शून्याचा अर्थ एवढाच, की दुभाषी कामाला उभा राहिला. हुकूम पार पडला का, हे तो आकडा सांगतच नव्हता. फ्लॉपीवरच्या फाइलची लांबी आणि तारीख मूळ फाइलशी ताडून पाहायला दहा-बारा ओळी पुरल्या असत्या.

आता भाचा पायथनमध्ये हेच करतो. त्याच्याकडे ‘सबप्रोसेस’ आहे. ‘चेक’ लावला की हुकूम फसताच प्रोग्रॅम तिथेच थांबतो. हुकमाचे शब्दही तो सुटे सुटे देतो. सगळे एका ओळीत गुंफून शेलकडे दिले आणि कुणाच्या फाइलच्या नावात अर्धविराम निघाला, तर पुढचा भाग वेगळा हुकूम म्हणून चालू शकतो. “मामा, तुमच्या वेळी हे नव्हतं,” म्हणाला. नव्हते खरे, पण ताडून पाहायला कोणी अडवले होते?

त्याला मी पुढचे सांगितले नाही. कॉम्प्युटर आला म्हणून वखारीत उचलीची वही बंद झाली होती. आम्ही महिनाभर पावत्या गोळा करून खाती पुन्हा उभी केली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची पावती घर गळून भिजली होती. परतफेडीला पुरावा उरला नाही. शेठजींनी निम्मी रक्कम सोडली, निम्मी धरली. मी माझे राहिलेले पैसे मागितले नाहीत, पण म्हणून त्याचे काही भरून निघाले नाही. जाताना तो माझ्यापाशी थांबला.

“पर तुमचं मशीन तर रोज झालं म्हणत हुतं न्हवं, साहेब?”