मोजणारे हात

हैदराबादच्या सुलतान बाजारात आम्ही बसने येत असू. वाहक तिकीट फाडून हाती देई; भाडे त्यावरच छापलेले असे. पाच पैसे वाढले, तरी गाडीभर चर्चा होई.

फेब्रुवारी २०२० पासून याच बाजारावरून मेट्रो धावते. फाटकाशी कार्ड टेकवावे, की वाट मोकळी! १७ मे २०२५ रोजी किमान भाडे १० वरून १२ आणि कमाल ६० वरून ७५ रुपये झाले. आठवड्याने सवलत मिळून ते ११ व ६९ वर आले. माझ्या कार्डातून वाढीव पैसे गेले, ते मला कळलेही नाही. तिकीटखिडकीशी मात्र एक वृद्ध मजूर पुन्हापुन्हा नाणी मोजीत होता.

कार्डाची सोय स्वागतार्हच. पण भाडे ठरविताना त्या मोजणाऱ्या हातांचा विसर पडू नये.