‘वय झाले’ हे निदान नव्हे

माणसाच्या, जनावराच्या किंवा यंत्राच्या अंगी मंदपणा दिसू लागला म्हणजे भोवतालच्या मंडळींच्या तोंडून पहिल्याने दोनच शब्द बाहेर पडतात : ‘वय झाले.’ ह्या दोन शब्दांत सहानुभूती पुष्कळ असते, थोडेबहुत सत्यही असते. शोध मात्र मुळीच नसतो. वयावर इलाज नाही हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे, त्याचे नाव एकदा घेतले की पुढे विचार करण्याची जबाबदारी आपोआप संपते. साठी उलटलेल्या मजसारख्या निवृत्त शिक्षकास हे शब्द काही नवे नाहीत. परंतु त्यांची खरी परीक्षा पाहण्याचा योग आला तो गेल्या हिवाळ्यात, एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने.

मोटारविद्येचा मला गंध नाही. बालपणी पाठशाळेत झालेले थोडे संस्कृत अध्ययन आणि मॅट्रिकनंतर आयुष्यभर केलेली मास्तरकी, एवढीच माझी पुंजी. मात्र आमचे एक चुलत आजोबा वैद्यकी करीत, आणि त्यांच्यापाशी बसून मी ‘माधवनिदान’ वाचले होते. त्या ग्रंथात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान म्हणजे रोगाचे कारण, पूर्वरूप म्हणजे रोग प्रकट होण्याआधीची चाहूल, रूप म्हणजे प्रत्यक्ष लक्षणे, उपशय म्हणजे काय केले असता बरे वाटते ह्याची परीक्षा, आणि संप्राप्ति म्हणजे दोष कोणत्या मार्गाने कोठवर पोहोचला त्याचा क्रम. ही पाच साधने लोखंडाच्या देहासही लागू पडतात, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गाडी माझ्या दिवंगत थोरल्या बंधूंची. एम. जी. कंपनीची ‘टी. डी.’ नावाची दोन आसनांची ही शर्यती वळणाची मोटार इंग्लंडात अबिंग्डन येथे 1950 ते 1953 ह्या काळात तयार होत असे. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, 1250 सी.सी.चे, त्यास दोन कार्ब्युरेटर, आणि शक्ती अवघी चोपन्न अश्वांच्या आसपास. आजच्या साध्या कुटुंबवत्सल मोटारीतही ह्याहून अधिक शक्ती असते. परंतु अंगाने हलकी असल्यामुळे ती आपल्या काळी चपळ गणली गेली. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशके परदेशी मोटारी आणण्यावर आपल्याकडे कडक निर्बंध होते. त्यामुळे जी जुनी गाडी हाती असेल ती सांभाळून, डागडुजी करून चालविणे हाच मार्ग होता. बंधूंनी ती मुंबईच्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली आणि स्वतःच्या हातांनी जपली. ते गेल्यावर दोन वर्षे ती झाकून ठेवलेली होती. पुढे पुतण्याने ती बाहेर काढली, तेव्हा ती सुरू झाली खरी, पण ‘पिकअप’ घेईना.

शहरातील एका कारखान्यात तिला नेले. तेथे प्लग बदलले, कॉइल बदलली, बॅटरीही नवी बसविली. गुण येईना, तेव्हा सांगण्यात आले की गाडीचे वय झाले, रिंगा झिजल्या, आता इंजिन उघडल्यावाचून गत्यंतर नाही. खर्चाचा अंदाज ऐकून पुतण्याने गाडी विकावयाचे ठरविले. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी अन्न नुसते चिवडले, हे घरातल्या बायकांनी मला मागाहून सांगितले.

आटगावचे आमचे घर अजून एका चुलीचे आहे. कुळधर्मासाठी सगळे जमले, तेव्हा पुतण्या तीच गाडी घेऊन आला. आसनगाव सोडल्यावर मालट्रकसुद्धा आपल्याला मागे टाकून जात होते, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक गाडी पाहावयास यावयाचे होते. मी म्हटले, “अरे, विकावयाची तर वीक; पण रोगाचे नाव कळल्यावाचून विकू नकोस.” त्यावर तो हसून म्हणाला, “काका, नाव तर कळलंय. म्हातारपण!”

महामार्गावर ट्रक दुरुस्त करणारा एक मिस्त्री माझा एकेकाळचा विद्यार्थी आहे. त्यास बोलाविले. तो नम्रपणे म्हणाला, “गुरुजी, एवढी जुनी गाडी मी कधी उघडली नाही.” मी म्हटले, “उघडू नकोसच. आधी नुसते विचारू.”

पहिला प्रश्न असा की, मंदपणा नेमका कोठे आहे? क्लच घसरत असेल, तर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी धावत नाही. येथे आवाजच चढत नव्हता. म्हणजे क्लच निर्दोष. ब्रेक चाकास धरून राहिले असतील, तर थोडे अंतर चालविल्यावर चाकांचे ड्रम हातास तापलेले लागतात, आणि सपाट जागी गाडी ढकलता ढकलत नाही. ड्रम थंड होते. घरातल्या दोन मुलांनी गाडी अंगणात सहज ढकलली. तिसरी गोष्ट, पायाखालचा अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला असता कार्ब्युरेटरची झडप पुरती उघडते की अर्ध्यावरच अडते? पुतण्या आत बसून पाय दाबी आणि मिस्त्री बाहेरून पाही. दोन्ही झडपा बरोबरीने, पूर्ण उघडत होत्या. मग त्याने चारही सिलिंडरांचा दाब मापकाने मोजला. रिंगा झिजल्या असत्या तर दाब उतरलेला दिसता. चारही आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे आले. ज्या रोगासाठी इंजिन उघडावयाचे होते तो रोगच नव्हता! ह्या साऱ्या परीक्षेस एक सकाळ पुरली आणि एक पैसाही लागला नाही.

आता पूर्वरूप. पुतण्याने आठवून सांगितले की, गाडी बाहेर काढल्यावर पहिला महिनाभर ती ठीक होती. मग चढावर किंचित अडखळू लागली, आणि मागाहून सपाटीवरही. म्हणजे दोष हळूहळू वाढत गेलेला. रूप असे की, उभी असताना इंजिन सुरेख चाले. जोराची मागणी होताच ते निस्तेज होई.

येथे मला शाळेतील एक गोष्ट आठवली. आमच्या शाळेत आसपासच्या पाड्यांवरून मुले येत. त्यांतील एक मुलगा ‘मठ्ठ’ म्हणून प्रसिद्ध होता. मी हजेरीपटाच्या कोपऱ्यात आठ दिवस टिपून ठेवले की तो मंद असतो केव्हा. सकाळच्या पहिल्या दोन तासांत त्याची उत्तरे चोख येत. मंदपणा येई तो चौथ्या तासापासून पुढे. पोर उपाशीपोटी दोन कोस चालून येत होते. त्याच्या बुद्धीस काही झालेले नव्हते. तिला पुरवठा होत नव्हता. ‘कसा आहे’ ह्यापेक्षा ‘केव्हा असा होतो’ हा प्रश्न अधिक फलदायी असतो, हे मी त्या मुलापासून शिकलो.

मोटारीचेही तेच दिसत होते : थोडक्यात भागते, अधिक मागितले की उपासमार. मग उपशय. चढावर गाडी मंदावली की चोक किंचित ओढावा, असे मिस्त्रीने सुचविले. चोक ओढला म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोलचे प्रमाण वाढते. तसे करताच गाडीने क्षणभर उसळी घेतली आणि पुन्हा मान टाकली. ह्यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. इंजिनास पेट्रोल कमी पडत होते, ही एक. कार्ब्युरेटरच्या वाटीत असलेला साठा संपताच मागून भर येत नव्हती, ही दुसरी.

राहिली संप्राप्ति, म्हणजे टाकीपासून वाटीपर्यंतच्या वाटेत अडथळा कोठे? ह्या गाडीचा पेट्रोलचा पंप विजेवर चालतो आणि चालताना टकटक करतो. वाटेत कोठे हवा शिरत असती तर ती टकटक जलद झाली असती; येथे तर ती रेंगाळत होती. म्हणजे वाट तुंबली होती. इंजिन पुरते थंड झाल्यावर, उघड्या अंगणात, विस्तव दूर ठेवून आणि वाळूची बादली जवळ घेऊन मिस्त्रीने कार्ब्युरेटरपाशी नळी सोडविली व बाटलीत धार धरली. धार भरपूर आली! तेव्हा टाकी, पंप आणि नळी सुटल्या. अडथळा पुढेच हवा. वाटीच्या तोंडाशी एक बोटभर जाळी असते. दोन्ही जाळ्या काढल्या, त्या काळ्या, चिकट गाळाने लिंपलेल्या निघाल्या.

गाळ आला कोठून? जुन्या रबरी नळीचे अस्तर आतून विरघळत होते. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. 2030 पर्यंत गाठावयाचे हे प्रमाण 2025 मध्येच गाठले गेले. हे इथेनॉल मुख्यतः ऊस व धान्य ह्यांपासून होते, आणि आपल्या ऊसकरी मुलखास त्याचे महत्त्व सांगावयास नको. नव्या गाड्या ते लक्षात घेऊन बनविल्या जातात. पण सत्तर वर्षांपूर्वीची गाडी आणि तिच्या जुन्या रबरी नळ्या ह्यांच्या कल्पनेतही ते नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवणे श्रेयस्कर नाही. एक लिटर इथेनॉलात पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते; तेव्हा जुन्या कार्ब्युरेटरास मिश्रण थोडे दाट करून द्यावे लागते. मिस्त्रीने जाळ्या धुतल्या, इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या आणून बसविल्या, मिश्रण जुळवून दिले. खर्च शेकड्यांत आटोपला.

परीक्षा घ्यावयाची ती कसारा घाटातच. ह्याच घाटातून आगगाडी 1865 पासून इगतपुरीस जाते. सदतीस फुटांस एक फूट असा तिचा चढ आहे, आणि तो चढण्यासाठी कसाऱ्यास गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. लोहमार्गावरील एवढ्या बलाढ्य यंत्रासही चढावर साह्य घ्यावे लागते आणि त्यात कोणी त्याचे वय काढीत नाही, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. आमची म्हातारी मात्र कोणाच्या साह्यावाचून तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढली. पुतण्याशेजारी वहिनी बसल्या होत्या. वर पोहोचल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, “ह्यांच्या वेळेसारखा आवाज आला.”

दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकास पुतण्याने येऊ नका म्हणून कळविले. पुढे केव्हा तरी गाडी विकली जाईलही. प्रपंचात अडचणी असतात, आणि वस्तूंचा मोह किती धरावा ह्यालाही मर्यादा आहे. परंतु धडधाकट वस्तू विचारपूर्वक विकणे निराळे आणि निरोगी वस्तू रोगी समजून टाकून देणे निराळे.

आपल्या मोठ्या कुटुंबांतून असे प्रसंग नित्य येतात. आजी जेवणावर मन धरीत नाही, कारण तिचा दात दुखतो. आजोबा बोलण्यात भाग घेत नाहीत, कारण त्यांस एका कानाने ऐकू येईनासे झाले आहे. सून कामात मागे पडते, कारण तिच्या अंगात रक्त कमी आहे. धाकटा अभ्यासात मंद, कारण त्यास फळा दिसत नाही. आणि आपण मात्र ‘वय झाले’, ‘आळशी आहे’, ‘डोकेच नाही’ असे शिक्के मारून मोकळे होतो. शिक्का मारण्यास क्षण पुरतो; विचारपूस करण्यास एक सकाळ लागते. ती सकाळ काढावी. सोप्यापासून अवघडाकडे जावे; एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे गुण कशाने आला ते कळते; आणि उघडाउघड, चिरफाड अगदी शेवटी करावी. वय होते, ह्यात संशय नाही. पण पुष्कळदा त्या वयाच्या आड एक बोटभर जाळी तुंबलेली असते, आणि ती कोणीतरी काढून पाहण्याची वाट पाहत असते.